टाकीत कुठल्या गावचं डिझेल आहे?

हिवाळ्यात वादळाची बातमी आली की मी ड्रायव्हरला फोन करून आधी ‘कुठे पोचलात?’ असं विचारत नाही. ‘टाकीत कुठल्या गावचं डिझेल आहे?’ असं विचारते. मी अमेरिकेत ओमाहा शहरातल्या एका ट्रकिंग कंपनीत डिस्पॅचर आहे. कुठल्या गाडीने कुठला माल कुठे न्यायचा ते ठरवायचं, गिऱ्हाइकाची बोलणी खायची आणि रात्री दोनला फोन वाजला तर तोही उचलायचा, असं हे काम. ओमाहा नेब्रास्का राज्यात, इंटरस्टेट ८० या महामार्गावर आहे. हा रस्ता न्यू यॉर्क शहराजवळून निघून थेट सॅन फ्रान्सिस्कोला जातो, साडेचार हजार किलोमीटरहून लांब. वाटेत वायोमिंग नावाचं राज्य लागतं. आमची निम्मी डोकेदुखी तिथली.

घरून फोन आला की जानेवारीत एक प्रश्न ठरलेला: “तिकडे एवढं बर्फ पडतंय, मग ते ग्लोबल वॉर्मिंग गेलं कुठे?” हाच प्रश्न आमच्या यार्डातल्या कॉफीच्या खोलीतही रस्ता बंद झाला की निघतो, फक्त तिथे आवाज चढलेले असतात. त्या वादाकडे येतेच. पण आधी गाडी वादळासाठी कशी तयार करतात ते बघू, कारण वादातलं अर्धं उत्तर त्या तयारीतच आहे.

पुण्यात डिसेंबरातल्या सकाळी खोबरेल तेलाची बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही. मग ती गरम पाण्याच्या तांब्यात बुडवून ठेवायची. डिझेलची गोष्ट अगदी तशीच. डिझेलमध्ये पॅराफिनचा, म्हणजे मेणाचा अंश असतो. पारा उतरला की आधी ते मेण बारीक कणांच्या रूपात गोठतं आणि डिझेल गढूळ दिसायला लागतं. आणखी उतरला की ते कण फिल्टरमध्ये जाऊन बसतात. टाकी भरलेली, इंजिन धडधाकट आणि गाडी रस्त्याच्या कडेला मेलेली. साध्या डिझेलवर ही पाळी उणे दहा-बाराच्या आसपास येऊ शकते.

उत्तरेकडचे पंप हिवाळ्यात मिश्रण बदलतात. रोजचं डिझेल ते ‘नंबर दोन’. त्यात रॉकेलच्या जातीचं, पातळ ‘नंबर एक’ मिसळतात. टेक्ससच्या दक्षिणेतल्या पंपाला ही उठाठेव करायची गरज नसते. म्हणून तिथे टाकी फुल्ल करून दीड दिवसात वायोमिंग गाठणारी गाडी म्हणजे बनियनवर मनालीला उतरलेला पाहुणा. उपाय साधा आहे: दक्षिणेत अर्धीच टाकी भरायची, उरलेली उत्तरेत. आणि मेण धरू न देणारं औषध टाकीत आधीच ओतायचं, डिझेल अजून पातळ असताना. ड्रायव्हर इथे बाटलीच्या रंगावरून बोलतात. पांढरी बाटली गोठण्याआधीची, लाल बाटली गोठल्यानंतरची. कुणी फोनवर “लाल उघडली” म्हणाला की मी गिऱ्हाइकाला कळवून टाकते, तुमचा माल आज येत नाही.

दुसरी टाकी युरियाची. भारतातल्या नव्या ट्रकवाल्यांनाही ती आता पाठ आहे. धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड मोडायला सायलेन्सरच्या वाटेवर युरियाचं पाणी फवारतात. त्यात युरिया बरोब्बर ३२.५ टक्के, कारण त्या प्रमाणाला हे मिश्रण सगळ्यात उशिरा गोठतं. तरी गोठतंच, उणे ११ला. टाकीला गरम करायची सोय असते, त्यामुळे गाडी अडत नाही. पण काठोकाठ भरली असेल तर गोठताना फुगून टाकीच तडकू शकते.

ब्रेकचं प्रकरण जास्त चिवट. ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात, हवेत बाष्प असतं, हवा दाबली की त्याचं पाणी होतं आणि ते नळ्यांमध्ये गोठतं. म्हणून हवेच्या टाक्यांमधलं पाणी रोज काढून टाकायचं. आणखी एक: पाणचट बर्फातून गाडी आणून उभी केली आणि लगेच ट्रेलरचा पार्किंग ब्रेक ओढून झोपलात, तर सकाळी ब्रेकचे शू ड्रमला गोठून चिकटलेले असतात. मग ट्रेलरखाली आडवं होऊन हातोडीने ठोकायचं. आमच्याकडे साठीकडे झुकलेले एक पंजाबी ड्रायव्हर आहेत, सगळी कंपनी त्यांना पाजी म्हणते, गोरेसुद्धा. त्यांची हातोडी झोपायच्या बर्थखाली, चपलांशेजारी असते.

ही सगळी तयारी किती आधी करायची? २१ डिसेंबर २०२२ला वायोमिंगची राजधानी शायेन इथे दुपारी एकच्या सुमाराला ६ अंश सेल्सियस होतं. अर्ध्या तासात उणे १६ झालं. बावीस अंश, अर्ध्या तासात. डिझेल भरून, आत जाऊन, एक सँडविच खाऊन बाहेर यायला लागतो तेवढा वेळ.

नवीन होते तेव्हा मला वाटायचं, जितकी थंडी जास्त तितका धोका जास्त. नकाशावर जांभळा रंग दिसला, म्हणजे उणे पंचवीस-तीस, की मी घाबरून सगळ्यांना फोन लावायची. एकदा पाजी म्हणाले, “बेटा, माइनस पच्चीस में मैं गाना सुनते हुए चलता हूँ. ज़ीरो पे रेडिओ बंद.”

हे नीट समजून घ्यायला हवं. उणे पंचवीसला रस्त्यावरचं बर्फ कोरडं, रवाळ असतं. पाय ठेवला की करकरतं आणि टायरला पकड मिळते. शून्याच्या आसपास त्याच बर्फावर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. ओल्या साबणाच्या वडीवर गाडी चालवल्यासारखं. त्यातही वाईट ते ‘ब्लॅक आइस’. ते काळं नसतं, पारदर्शक असतं. खालचं डांबर दिसतं म्हणून काळं भासतं आणि रस्ता नुसता ओला वाटतो. जुने ड्रायव्हर ते कसं ओळखतात? ओल्या रस्त्यावर पुढच्या गाडीच्या चाकांमागे तुषार उडत असतात. रस्ता तसाच ओला दिसतोय, पण तुषार उडायचे थांबले, म्हणजे खाली पाणी उरलेलं नाही. मग आरशाच्या दांडीकडे नजर जाते, तिच्या पुढच्या अंगाला काचेसारखा थर चढतोय का. पुलावर हे सगळं आधी होतं, कारण पुलाला वरून आणि खालून, दोन्हीकडून गार हवा लागते, साध्या रस्त्याला खालून जमिनीची ऊब असते.

शून्याच्या आसपासचाच आणखी एक प्रकार म्हणजे गोठणारा पाऊस. ढगातून बर्फ निघतं, वाटेत ऊबदार हवेच्या पट्ट्यात वितळून त्याचं पाणी होतं आणि जमिनीलगत पुन्हा गार हवा असते. थेंबाला हवेत गोठायला वेळ मिळत नाही. तो जिथे आपटेल तिथे गोठतो. तारेवर, झाडावर, रस्त्यावर. ११ फेब्रुवारी २०२१च्या पहाटे टेक्ससमधल्या फोर्ट वर्थला हेच झालं. उंचावरून जाणाऱ्या रस्त्यावर १३०हून जास्त गाड्या एकमेकींवर चढल्या, त्यात मोठे ट्रकही होते. सहा माणसं गेली. त्यानंतर दोन-तीन दिवसांत टेक्ससवर ती प्रसिद्ध थंडी कोसळली, वीज गेली आणि सरकारी मोजदादीप्रमाणे २४६ जण दगावले. पण रस्त्यावरचा तो ढीग कडाक्याच्या थंडीच्या आधीचा, शून्याच्या किंचित खालचा.

यावर उपाय मिठाचा. लहानपणी पॉटचं आइसक्रीम केलं असेल तर मिठाचं काम तुम्हाला ठाऊक आहे. बर्फात खडेमीठ टाकलं की ते वितळतं आणि तरीही शून्याच्या खाली जातं, म्हणजे मिठाच्या पाण्याला गोठायला जास्त थंडी लागते. इथले रस्तेवाले वादळाआधी रस्त्यावर मिठाचं पाणी फवारतात. ट्रकच्या मागे नळांची रांग, रस्त्यावर पांढऱ्या समांतर रेघा. पण मीठ साधारण उणे नऊच्या खाली आळशी होतं, आणि आधी पाऊस पडला तर वाहूनच जातं. ३ जानेवारी २०२२ला व्हर्जिनियात इंटरस्टेट ९५वर असंच झालं. वादळाची सुरुवात पावसाने होणार, फवारलं तरी धुऊन जाईल, म्हणून फवारलंच नाही. पावसाचं बर्फ झालं, ट्रक आडवे झाले आणि वॉशिंग्टनच्या दक्षिणेला शेकडो गाड्या रात्रभर अडकल्या, काही चोवीस तासांहून जास्त. सिनेटर टिम केन त्या गर्दीत २७ तास होते. त्यातच एका बेकरीचा ट्रक होता. अडकलेल्या प्रवाशांनी बेकरीला फोन लावला, मालकाने होकार दिला आणि ड्रायव्हरने दार उघडून गाड्यागाड्यांना पाव वाटले.

ट्रक आडवा होतो म्हणजे काय? भरलेला ट्रक इथे ८०,००० पौंडांपर्यंत, म्हणजे ३६ टन असतो. पुढे इंजिनवाला ट्रॅक्टर, मागे ट्रेलर, मध्ये एक जोड. ट्रॅक्टरची मागची चाकं घसरून थांबली आणि ट्रेलर मागून रेटत राहिला, तर दोन्ही भाग खिशातल्या चाकूसारखे मिटतात. यालाच जॅकनाइफ म्हणतात. म्हणून बर्फावर इंजिन ब्रेक वापरायचा नाही. तो फक्त ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना आवळतो आणि मिटायला निमित्त मिळतं. रिकामा ट्रेलर जास्त धोक्याचा, वजन नसल्याने चाकं धरत नाहीत आणि वाऱ्याला तो शिडासारखा सापडतो. वायोमिंगमध्ये जोराचा वारा सुटला की हलक्या, उंच गाड्यांना रस्ता बंद होतो आणि भरलेल्यांना चालू राहतो. हे घरी सांगितलं की लोकांना उलटं वाटतं.

आणि साखळ्या, बर्फात पकड मिळावी म्हणून टायरवर चढवतात त्या. कोलोरॅडोत इंटरस्टेट ७०च्या डोंगराळ भागात १ सप्टेंबर ते ३१ मे ट्रकने साखळ्या बाळगल्याच पाहिजेत. हो, सप्टेंबरपासून. वर आयझेनहॉवर बोगदा ३,४०० मीटरवर आहे. पाटीवर हुकूम आला की कडेच्या जागेत गाडी घ्यायची, साखळी पसरायची, टायरवर चढवायची, आतल्या बाजूचा हुक आधी लावायचा, तोही चाचपून, कारण तिथे दिसत काही नाही. हुकाची तोंडं बाहेरच्या बाजूला, नाहीतर टायर कापला जातो. मग बाहेरचा हुक, मग रबरी ताण. असं कमीत कमी चार चाकांना. हातमोजे घालून हुक लागत नाही आणि काढले तर बोटं राहत नाहीत. थोडं अंतर जाऊन पुन्हा उतरायचं आणि सैल झालेल्या साखळ्या आवळायच्या. सरावलेला माणूस अर्ध्या तासात उरकतो. नवख्याचा दीड तास मी फोनवर ऐकलेला आहे, शिव्यांसकट.

इथे पैशाचं सांगायलाच हवं. लांब पल्ल्याच्या बहुतेक ड्रायव्हरांना मैलावर पैसे मिळतात. चाक फिरलं तर कमाई. साखळी लावतानाचा तास, बंद रस्त्यापाशी उभं राहिलेली रात्र, यांचे बरेचदा शून्य किंवा नावापुरते. १९३८च्या कामगार कायद्यातल्या सवलतीमुळे त्यांना ओव्हरटाइमचा हक्कही नाही. दुसरीकडे घड्याळ: चौदा तासांच्या खिडकीत अकरा तास चालवायची मुभा, आणि डिसेंबर २०१७पासून ते मोजणारं यंत्र गाडीत सक्तीचं. अनपेक्षित वादळात दोन तास वाढवून मिळतात. केंद्राचा नियम स्पष्ट आहे की रस्ता धोक्याचा वाटला तर ड्रायव्हरने गाडी थांबवावी. त्या थांबण्याचे पैसे कुणी द्यायचे यावर तो नियम गप्प आहे. डिस्पॅचरच्या खुर्चीत बसून ‘काळजी घ्या’ म्हणणं फार स्वस्त पडतं. हे मी स्वतःबद्दलही म्हणतेय.

आता वाद. तो सुरू होतो बहुधा वायोमिंग बंद झाल्यावर, आणि वायोमिंग बंद होतं ते बहुधा एल्क माउंटनपाशी.

त्या जागेची गोष्ट प्रत्येक जुन्या ड्रायव्हरला येते. लारामी ते रॉलिन्स हा जुना रस्ता आणि रेल्वे थोडा वळसा घालून जायची. इंटरस्टेट आखताना इंजिनिअरांनी तीसेक किलोमीटर वाचवायला डोंगराच्या पायथ्याची सरळ वाट धरली. तिथल्या गुरं पाळणाऱ्यांनी सांगितलं होतं, हिवाळ्यात इथून आम्हीसुद्धा जात नाही. ऐकलं नाही. ऑक्टोबर १९७०च्या सुरुवातीला रस्ता खुला झाला आणि काही दिवसांतच बर्फाने बंद पडला. तेव्हा व्हिएतनामचं युद्ध चालू होतं. तिथल्या हो चि मिन्ह वाटेवरून लोकांनी याला ‘स्नो चि मिन्ह ट्रेल’ नाव ठेवलं. आमच्या कॉफीच्या खोलीतला एक म्हातारा ड्रायव्हर, मूळचा ओहायो राज्यातला, ही गोष्ट सांगून टेबलावर बोट आपटतो: “ज्यांना एका डोंगराचा वारा कळला नाही, ते मला शंभर वर्षांनंतरची हवा सांगणार?”

टाळी घेणारं वाक्य आहे. पण गोष्ट तो अर्धीच सांगतो. त्या रस्त्याचा त्रास कमी केला तोही एका शास्त्रज्ञानेच. रोनाल्ड टॅबलर यांनी मोजमाप करून दाखवलं की तिथे त्रास पडणाऱ्या बर्फाचा कमी आणि उडून येणाऱ्या बर्फाचा जास्त आहे. आभाळ निरभ्र असतानाही वारा जमिनीवरचं बर्फ उचलून रस्त्यावर आणून टाकतो. मग वाऱ्याच्या बाजूला लाकडी कुंपणं उभी केली, मुद्दाम फटींची, अर्धं लाकूड अर्धी फट. भरीव भिंतीपेक्षा अशा कुंपणामागे वारा नीट मंदावतो आणि बर्फ तिथेच खाली बसतं. कुंपण रस्त्यापासून त्याच्या उंचीच्या ३५ पट लांब हवं. पावणेचार मीटरचं असेल तर सव्वाशे-दीडशे मीटर. आजही वायोमिंगमधून जाताना माळावर ही तिरकी कुंपणं दिसतात, गुरं नाहीत, शेत नाही, नुसतीच कुंपणं. गुराख्यांना वारा माहीत होता, टॅबलरनी तो मोजला.

ओहायोवाल्याचा दुसरा पत्ता १९७८चा. त्या जानेवारीत ओहायोवर असं वादळ आलं की मॅन्सफील्डजवळ एक ट्रक बर्फाखाली पूर्ण गाडला गेला आणि आतला ड्रायव्हर सहा दिवसांनी जिवंत निघाला, बर्फ खाऊन तगलेला. “तेव्हा कुठे होतं तुमचं क्लायमेट चेंज?”

मी त्याला त्याच्याच भाषेत विचारते, गाडीचं ॲव्हरेज काय? आपल्याकडे ट्रकवाले मायलेजला ॲव्हरेजच म्हणतात, आणि इथे तो शब्द नेमका बसतो. घाट चढताना, समोरून वारा असताना एका खेपेला गाडी किती पिते त्यावरून कुणी इंजिन बिघडलं असं म्हणत नाही. वर्षभराच्या पावत्या लावून ॲव्हरेज घसरलेलं दिसलं, तर मात्र मेकॅनिककडे नेतात. हवामानवालेही सर्वसाधारण हवा ठरवायला तीस वर्षांच्या नोंदी धरतात. एक वादळ म्हणजे एक खेप. १९७८चं वादळ तापमानवाढ खोटी ठरवत नाही, तसंच २०२२चं वादळ एकट्याने ती खरी ठरवत नाही. हे दुसरं वाक्य मी मिनेसोटाच्या तरुण ड्रायव्हरकडे बघून म्हणते, कारण तो प्रत्येक बर्फवृष्टीनंतर “बघा, सांगत होतो ना” म्हणतो. दोघंही एकाच खेपेला साक्षीला उभं करतात.

२६ फेब्रुवारी २०१५ला ओक्लाहोमाचे सिनेटर जेम्स इनहोफ यांनी सिनेटमध्ये बर्फाचा गोळा आणून फेकला होता, बाहेर किती थंडी आहे ते दाखवायला. ती एका खेपेची पावती होती. पावत्यांचा गठ्ठा वेगळं सांगतो. अमेरिकेत १९५०च्या दशकात उष्णतेचे आणि थंडीचे रोजचे विक्रम जवळपास बरोबरीने मोडायचे. २००० ते २००९च्या दशकात उष्णतेचे दोन मोडले तर थंडीचा एक, असं प्रमाण झालं. थंडीचा विक्रम मोडतो, अजूनही. कमी वेळा मोडतो.

तिसरा पत्ता: “सत्तरच्या दशकात हेच लोक हिमयुग येणार म्हणत होते.” मासिकांत तसं छापून यायचं हे खरं आहे. पण पुढे २००८मध्ये काहींनी १९६५ ते १९७९मधले त्या विषयावरचे ७१ शोधनिबंध बसून मोजले. थंडी वाढेल म्हणणारे ७ निघाले, तापमान वाढेल म्हणणारे ४४, बाकीचे कुठल्याच बाजूचे नव्हते.

मग तापणाऱ्या पृथ्वीवर एवढं बर्फ कसं? यातला एक भाग सरळ आहे. हवा एका अंशाने तापली की तिच्यात साधारण सात टक्के जास्त बाष्प मावतं. ढगात माल जास्त भरला, तर पडतानाही जास्त पडू शकतो. खाली तापमान शून्याच्या खाली असेल तर तो बर्फ होऊन पडेल, इतकंच. बफेलो शहर बघा. ते ईरी सरोवराच्या टोकाला आहे. गार वारा उघड्या, ऊबदार पाण्यावरून येतो, वाफ उचलतो आणि किनारा ओलांडला की ओतून मोकळा होतो. सरोवर गोठलं की हा नळ बंद होतो. म्हणजे सरोवर जितकं उशिरा गोठेल तितका नळ जास्त दिवस चालू. नोव्हेंबर २०२२मध्ये बफेलोच्या दक्षिणेच्या गावांवर ८० इंचांच्या आसपास, म्हणजे दोन मीटर बर्फ पडलं. त्या वेळी ट्रकना आधीच महामार्ग बंद केला होता. पुढच्याच महिन्यात, नाताळात, पुन्हा वादळ आलं. गाडी बंदीचा हुकूम सकाळी निघाला तेव्हा माणसं कामाला बाहेर पडलेली होती. बफेलो परिसरात ४७ जण गेले. अरबी समुद्र तापला की आपल्याकडे कोकणात पाऊस कसा एकदम ओततो, त्याचा हा थंड देशातला चुलतभाऊ.

दुसरा भाग सरळ नाही, आणि तो सरळ असल्यासारखा सांगणाऱ्यांचा मला राग येतो. उत्तर ध्रुवावर हिवाळ्यात वीस-तीस किलोमीटर उंचीवर गार हवेचा एक प्रचंड भोवरा फिरत असतो. भोवरा जोरात फिरतो तोवर एका जागी उभा राहतो. जोर कमी झाला की डुलतो, कलंडतो, कधी त्याचे दोन तुकडे होतात, आणि ध्रुवाची थंडी खाली सांडते. जानेवारी २०२१मध्ये तो असाच ढिला पडला होता आणि फेब्रुवारीत टेक्सस गोठलं. आता उत्तर ध्रुव बाकीच्या पृथ्वीपेक्षा कितीतरी वेगाने तापतोय. २०२२च्या एका अभ्यासाप्रमाणे १९७९पासून जवळपास चौपट वेगाने. म्हणून हा भोवरा आणि त्याखालचा वाऱ्याचा झोत जास्त डुलायला लागलाय का? जेनिफर फ्रान्सिस आणि स्टीव्हन व्हॅव्हरस यांनी २०१२मध्ये तसं मांडलं. इतर शास्त्रज्ञांना पुरावा पुरेसा वाटत नाही. आयपीसीसी, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची हवामान बदलावरची समिती, तिच्या २०२१च्या अहवालानेही यावर ठाम बाजू घेतली नाही. ओहायोवाल्याला मी हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदाच गप्प राहून ऐकत होता. ‘इथवर नक्की आहे, इथून पुढे भांडण चालू आहे’ असं कुणी सांगितलं की त्याला चालतं. त्याला सगळं एका दमात गिळायला सांगितलेलं चालत नाही.

खरं सांगायचं तर त्या खोलीतला राग हवेवरचा नाहीच. एक लिटर डिझेल जळलं की २.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. आमच्या गाड्यांच्या ॲव्हरेजला हजार किलोमीटर म्हणजे जवळपास एक टन. हे कुणी नाकारत नाही. पण नियम येतो तो ड्रायव्हरच्या खिशातून. कॅलिफोर्नियात पाच मिनिटांहून जास्त इंजिन नुसतं चालू ठेवायला बंदी आहे. मग केबिनमध्ये झोपणाऱ्याने वेगळा हीटर बसवायचा, स्वतःच्या पैशांनी, गाडी स्वतःची असेल तर. तिथलाच ट्रकताफे विजेवर न्यायचा मोठा नियम बराच गाजला आणि जानेवारी २०२५मध्ये त्याच्या केंद्रीय परवानगीचा अर्ज राज्याने मागे घेतला. एकाच गाडीचा मालक असलेला आमचा एक ड्रायव्हर तोवर नवी गाडी घ्यावी की नाही याच घोळात होता. त्याच्यासमोर ध्रुवीय भोवऱ्याचं चित्र ठेवून काय होणार? त्याला हप्ता दिसतो.

आणि तरी, शून्याचा मुद्दा काढला की बाजू मोडतात. अमेरिकेच्या बऱ्याच भागात सगळ्यात जास्त तापत चाललेला ऋतू हिवाळा आहे. दक्षिणेत त्यामुळे गोठणारे दिवस घटतात. पण उत्तरेत, जिथे जानेवारी पूर्वी सलग उणे दहा-पंधराच्या खाली जायचा, तिथे हिवाळा गरम होणं म्हणजे पारा शून्याच्या जवळ येणं. दुपारी वितळतं, रात्री गोठतं. बर्फावर पाऊस पडतो. मीठ मारलं की धुऊन जातं. मिनेसोटावाला म्हणतो, माझ्या वडिलांच्या वेळी जानेवारीचा रस्ता पांढरा आणि खडबडीत असायचा, आता चकचकीत असतो. ओहायोवाला मान डोलावतो. क्लायमेट चेंज हा शब्द कुणी उच्चारत नाही आणि कॉफी पुन्हा भरली जाते.

मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला पाजींचा फोन आला. शायेनच्या ट्रक स्टॉपवर होते, रीफरमध्ये, म्हणजे थंड ठेवणाऱ्या ट्रेलरमध्ये, दही होतं, सकाळी सॉल्ट लेक सिटीला पोचायचं. डिझेल नेब्रास्काचं, पांढरी बाटली टाकलेली, साखळ्या आहेत, हातोडी आहे. त्यांनी फक्त लारामीच्या अलीकडच्या घाटमाथ्याचं तापमान विचारलं. मी स्क्रीनवर बघितलं.

“उणे एक, पाजी. बारीक पाऊस दाखवतंय.”

पलीकडे इंजिनाचा आवाज थोडा वेळ येत राहिला. मग तो बंद झाला.

“दहीवाल्यांना फोन कर,” ते म्हणाले.